यकृताच्या कर्करोगावरची जोडगोळी

2007 साली अमेरिकेत सोराफेनिबला यकृताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि त्याच्या पुढच्या टप्प्यात आयुष्य वाढवणारं पहिलं औषध हाती आलं. वाढ किती? 'शार्प' चाचणीत मध्यक आयुष्य 7.9 महिन्यांवरून 10.7 वर गेलं. जेमतेम तीन महिने! तरी पुढची दहा वर्षं एकेक औषध त्याच्याशी टक्कर द्यायला आलं आणि हात हलवत परत गेलं.

2017 मध्ये निव्होल्युमॅबने आशा पल्लवित केल्या. गाठ आपल्या प्रतिकारपेशींना जो ब्रेक लावते, तो सोडवणारं हे इंजेक्शन. पण 2019 मध्ये सोराफेनिबशी थेट सामना झाला, तेव्हा 16.4 विरुद्ध 14.7 महिने हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सिंगापूरच्या परिषदेत 'आयएमब्रेव्ह150'चे निकाल जाहीर झाले आणि चित्र पालटलं. 501 रुग्ण, तसाच ब्रेक सोडवणाऱ्या एटेझोलिझुमॅबच्या जोडीला बेव्हासिझुमॅब. हे दुसरं औषध गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांना लगाम घालतं, शिवाय त्या वाढवणारं जे प्रथिन प्रतिकारपेशींनाही दाबून ठेवतं, तेच अडवतं. वर्षभरानंतर या जोडीच्या गटातले 67 टक्के रुग्ण हयात होते, सोराफेनिबवाले 55 टक्के. मात्र बेव्हासिझुमॅबमुळे रक्तस्रावाचा धोका. यकृत निबर झालेलं असेल (सिरोसिस), तर अन्ननलिकेतल्या शिरा अनेकदा फुगलेल्या असतात, म्हणून सलाइन लावण्याआधी दुर्बिणीने त्या तपासाव्या लागतात.

मला जास्त भावली ती 2022 ची 'हिमालय' चाचणी. ट्रेमेलिमुमॅबचा मोठा डोस, तोही एकदाच. पुढे फक्त दुर्वालुमॅब. दोन्ही ब्रेक सोडवणारीच. मध्यकातला फरक तीन महिन्यांच्याही आतला, पण पाच वर्षांनी पाचातला जवळपास एक जण हयात, सोराफेनिब गटात दहातला एक. मध्यकावरच नजर ठेवणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

नुसती जोडी लावली की काम फत्ते, असंही नाही. रक्तवाहिन्या रोखणाऱ्या लेनव्हॅटिनिबसोबत ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, तरी एकट्या लेनव्हॅटिनिबपेक्षा ते निर्विवाद सरस ठरलं नाही.

आणि या मोठ्या चाचण्यांत घेतलेले रुग्ण जवळपास सगळे 'चाइल्ड-प्यू ए' गटातले, म्हणजे यकृत बऱ्यापैकी शाबूत असलेले. कावीळ झालेली, पोटात पाणी भरलेलं, अशा अवस्थेत ओपीडीत येणाऱ्याला या जोड्या कितपत झेपतील, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही.