रक्ताची उलटतपासणी

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात दोनच पानांचे एक टिपण छापून आले. लेखक सात. पहिली तीन नावे मुंबईची : वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची : रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबईत तीन माणसे अशी आढळली होती, की ज्यांचे रक्त ए, बी, एबी, ओ यांपैकी कुठल्याच गटाशी जुळत नव्हते. या रक्ताला पुढे 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले. शहराचे नाव १९९५ साली बदलले, रक्ताचे तेच राहिले. डॉ. भेंडे यांचे नाव मात्र विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या एका पिढीला ठाऊक होते. बाहेरच्या जगात ते फारसे कुणाला माहीत नाही.

हा शोध लागला कसा, यापेक्षा तो निसटला कसा नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. कारण नेहमीच्या पद्धतीने तपासले तर ही तिन्ही माणसे 'ओ' गटाची निघत होती. तपासणाऱ्याने तसे लिहून वही मिटली असती, तर त्यात कुणाला काही वावगे दिसले नसते.

नेहमीची पद्धत म्हणजे काय, ते आधी पाहू. आमच्या मंगळवार पेठेत गणेशोत्सवात, शिवजयंतीला तालमींची रक्तदान शिबिरे होतात. तिथे बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर थेंब घेतात, एकावर ए-विरोधी आणि दुसऱ्यावर बी-विरोधी द्रव टाकतात. पहिल्यात गुठळ्या झाल्या तर ए, दुसऱ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी. कशातच झाल्या नाहीत तर ओ. म्हणजे 'ओ' हा गट काही सापडल्यावरून ठरत नाही, काही न सापडल्यावरून ठरतो. आणि न सापडण्याची कारणे एकाहून अधिक असू शकतात. सगळी गोम इथे आहे.

रक्ताला दुसरी बाजूही आहे. तांबड्या पेशी बाजूला काढल्या की वर जो पिवळसर द्रव उरतो, त्यात प्रतिपिंडे असतात. ज्याच्या पेशींवर ए नाही, त्याच्या द्रवात ए-विरोधी प्रतिपिंडे असतात. ज्याच्यावर बी नाही, त्याच्यात बी-विरोधी. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हेच दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल मिळाले. म्हणून शहाणी प्रयोगशाळा पेशी तपासून थांबत नाही. ती रुग्णाचा द्रव घेते आणि त्यात ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी मिसळून बघते. पहिली तपासणी सरळ, दुसरी उलट. कोर्टातल्या उलटतपासणीसारखेच हिचेही काम आहे : साक्षीदार आधी जे बोलला, ते टिकते का ते पाहणे.

खऱ्या ओ माणसाच्या द्रवात ए आणि बी पेशींच्या गुठळ्या होतात, ओ पेशी मात्र शांत राहतात. मुंबईच्या त्या तिघांच्या द्रवात ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या. 'ओ' म्हणवणारी ही माणसे ओ रक्तालाच परके मानत होती. मुंबईच्या मंडळींनी याकडे डोळेझाक केली नाही. रक्तगटांच्या अभ्यासात त्या काळी जिथे शेवटचा शब्द समजला जाई, त्या रेस-सँगर यांच्या लंडनमधील प्रयोगशाळेपर्यंत हा प्रश्न गेला.

मॉर्गन आणि वॉटकिन्स हे रसायनाच्या बाजूने याच गोष्टीकडे पाहत होते. त्यांच्या कामातून उलगडत गेलेले चित्र कोल्हापुरी माणसाला समजायला सोपे आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची आणखी एक साखर जोडली, की एक खुंटी तयार होते. या खुंटीला 'एच' म्हणतात. खुंटीवर एका प्रकारचा फेटा अडकवला की ए गट, दुसऱ्या प्रकारचा अडकवला की बी, दोन्ही असले की एबी. फेटाच नसला, नुसती खुंटी राहिली, की ओ. बॉम्बे गटात खुंटीच नसते. घरात फेटे असतील, नसतील. अडकवायला जागा नाही. आणि शरीराने जन्मात एच पाहिलेले नसल्यामुळे ते एच-विरोधी प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाही जोरात काम करतात, दुसऱ्याच्या पेशी फोडून टाकतात. ओ रक्तावर तर खुंट्या सगळ्यात जास्त आणि उघड्या. म्हणून ज्या ओ रक्ताला आपण 'सर्वांना चालणारे' म्हणतो, तेच बॉम्बे गटाच्या माणसाला दिले तर जीव जाऊ शकतो. उलट बॉम्बे गटाच्या तांबड्या पेशी आर-एच जुळला तर कुणालाही चालतात. जगाला देता येते, घेता येते फक्त आपल्यासारख्याकडून, असा हा विषम व्यवहार आहे.

फेटे असूनही दिसत नाहीत, या गोष्टीचा पुरावा १९५५ साली अमेरिकेत मिळाला. लँडस्टायनर यांचे शिष्य फिलिप लेव्हिन यांना इटालियन वंशाच्या कुटुंबातील एक बाई आढळली. तिचे रक्त ओसारखे, नवरा ए गटाचा आणि अपत्य एबी. बर्नस्टाइन यांनी १९२४ साली मांडलेल्या आनुवंशिकतेच्या नियमाप्रमाणे हे अशक्य होते. बाईकडे बीचे जनुक होतेच, खुंटी नसल्यामुळे ते तिच्या रक्तात प्रकट झाले नव्हते. अपत्याला बापाकडून खुंटी मिळाली आणि आजीचा फेटा नातीच्या पिढीत दिसला. एका जनुकाचे म्हणणे दुसरे जनुक दाबून टाकते, याचे हे आजही शिकवले जाणारे उदाहरण आहे. पण आपल्या समाजात याला आणखी एक अर्थ आहे. समजा बाप बॉम्बे गटाचा आहे, कार्डावर 'ओ' लिहिले आहे, आई ए आणि मूल एबी. बोट कुणाकडे दाखवले जाईल, हे सांगायला नको. शाळेत शिकलेल्या चार ओळींच्या नियमावर एखाद्या बाईच्या चारित्र्याचा निकाल लावणाऱ्यांनी हा अपवाद ठाऊक करून घ्यायला हवा.

भाटिया या विषयाशी आयुष्यभर चिकटून राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र काढले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ती हीच. मानवी आनुवंशिकीचे अभ्यासक एल. डी. संघवी यांच्यासह भाटियांनी १९६२ साली बॉम्बे गट आणि नात्यातले विवाह यांचा संबंध तपासला. १९७४ साली भाटिया आणि साठे यांनी मुंबईतले प्रमाण काढले : सुमारे ७,६०० माणसांत एक. भारतासाठी साधारण १०,००० त एक असे सांगतात, युरोपात दहा लाखांत एक. आढळलेल्यांत महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकातले लोक ठळकपणे अधिक आहेत.

नात्यातल्या विवाहाचा हिशेब आपल्या भागात करून बघण्यासारखा आहे, कारण मामाची मुलगी करण्याची चाल इथे जुनी. १०,००० त एक हे प्रमाण धरले, तर खुंटी न बनवणारे जनुक शंभरात एक पडते. म्हणजे ते एकेरी बाळगणारी, स्वतः पूर्ण निरोगी आणि साध्या रक्तगटाची माणसे सुमारे पन्नासात एक. दोन अनोळखी घराण्यांत लग्न झाले तर अपत्य बॉम्बे गटाचे निघण्याची शक्यता १०,००० त एक. सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले तर सुमारे १,४०० त एक. सातपट. तरीही हा आजार नाही, हे ठासून सांगितले पाहिजे. या माणसांना काहीही होत नाही. लाल मातीत कुस्ती खेळावी, शंभर वर्षे जगावे. प्रश्न फक्त रक्त घेण्याची वेळ आली तर.

खुंटी बसवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याची ओळख १९९० साली अमेरिकेत पटली. त्याच्या शेजारीच त्याचे भावंड आहे, ते हेच काम लाळेत आणि आतड्याच्या अस्तरात करते. जपानमधील कोडा आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले, की भारतीय बॉम्बे गटात पहिल्या जनुकात ७२५ व्या जागेवरचे एकच अक्षर बदललेले असते आणि दुसरे जनुक तर गळूनच पडलेले असते. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांतही हाच बदल सापडला. बोटीतून मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या रक्तात मुलखाची ही खूण गेली होती. लाळेत एच नसणाऱ्यांना जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या काही जातींची बाधा होत नाही, असेही २००३ च्या एका प्रयोगात दिसले. त्या विषाणूलाही पेशीला चिकटायला तीच खुंटी लागते. नसण्याचा असाही फायदा.

या गटाने एका खऱ्या आजाराची किल्लीही दिली. १९९२ साली इस्रायलमध्ये अमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होत होता, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट होत्या, पण जखमेत पू होत नव्हता. सैन्य उभे होते आणि लढाईच्या जागी पोहोचत नव्हते. दोघांचा रक्तगट निघाला बॉम्बे. एवढ्या दुर्मिळ गोष्टी दोन वेगळ्या घरांत एकत्र येणे हा योगायोग असणे कठीण. मग धागा जुळला : पांढऱ्या पेशीला रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबण्यासाठी जी पकड लागते, तिच्यातही फ्यूकोज असते. या मुलांत खुंटी बसवणारा कारागीर ठीक होता. फ्यूकोजच कारखान्यात पोहोचत नव्हते. २००१ साली त्या वाहतुकीचे जनुक सापडले. त्याआधीच, १९९९ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशाच एका मुलाला तोंडावाटे फ्यूकोज दिले आणि त्याचे संसर्ग आटोक्यात आले. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'ओ'वर शंका घेतली नसती, तर चाळीस वर्षांनी त्या मुलांच्या डॉक्टरांना हा दुवा कुठून मिळाला असता?

शिबिरातले काचपट्टीवरचे उत्तर हे प्राथमिक असते. रक्तपेढीत उलटतपासणी होते. पण त्यात ओ पेशी वापरल्या नाहीत तर बॉम्बे गट तिथेही ओ म्हणूनच निघतो, कारण ए आणि बी पेशींच्या गुठळ्या दोघांतही होतात. म्हणून पाकिटातल्या जुन्या कार्डावर 'ओ' असणाऱ्याने, विशेषतः घरात नात्यातले विवाह असतील तर, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ येण्याआधी रक्तपेढीत जाऊन तीन शब्द विचारावेत : ओ पेशींशी तपासले? नियोजित शस्त्रक्रिया असेल तर स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. आणि कुणी बॉम्बे गटाचे निघालेच, तर गावभर दाते शोधण्याआधी सख्ख्या भावा-बहिणींची तपासणी करावी. त्यांच्यात प्रत्येकाला शक्यता चारात एक असते, १०,००० त एक नव्हे.