वेग कोठे हरवला?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीस मामांच्या घरी पाणी शिरले आणि आजोबांच्या नाटकाच्या वह्या भिजल्या. वाळविलेल्या पानांची छायाचित्रे मी साताऱ्यास आणली. ती संगणकावर मोठी करून पुसट अक्षर लावायचे, हे काम माझ्याकडे आले. पुढे संगणकाची प्रणाली अद्ययावत केली आणि पान सरकविताच चित्र अडखळू लागले. ‘नवा संगणक घ्यावा लागेल,’ असे घरी बोलणे सुरू झाले. तेवढे पैसे कोठून आणायचे? म्हणून दोष शोधायला बसलो.

पडद्यावरील खिडक्या, बटणे, याद्या प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः घडवीत नाही. नाटकमंडळींचा कपडेपट असावा तसा एक तयार संच तो वापरतो. त्यास टूलकिट म्हणतात. जीटीके हा असाच एक संच. त्याची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये निघाली. सप्टेंबर २०२४ च्या ४.१६ पासून वेलँडवर चालणाऱ्या संगणकांत चित्र रंगविण्यासाठी ‘व्हल्कन’ ही पद्धत आधी निवडली जाऊ लागली. पडदा सेकंदास ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात रंगकाम उरकले नाही की चित्र अडखळलेच.

पहिला संशय छायाचित्रांच्या आकारावर. अगदी लहान चित्र उघडले, तरी तेच. मग खिडकी लहान केली, तो वेग वाढला! म्हणजे वेळ जात होता तो पडद्यावरचे ठिपके रंगविण्यात. नंतर ‘जीएसके रेंडरर’ एवढेच बदलून तोच प्रोग्रॅम तीनदा चालविला. व्हल्कनने तो अडखळला, सारे रंगकाम मुख्य प्रोसेसरवर टाकणाऱ्या ‘कैरो’ने बरा चालला, ‘जीएल’ने पूर्वीसारखा धावला. सांगलीस मामेभावाच्या नव्या संगणकावर मात्र तीच आवृत्ती व्हल्कननेही सुरळीत चालली. तेव्हा उलगडा झाला. दोष छायाचित्रांचा नव्हता, एकट्या टूलकिटचाही नव्हता. नवी पद्धत आणि आमची जुनी ग्राफिक्स चिप यांचे जमत नव्हते.

एका ओळीची मांडणी कायम केली, खर्च शून्य. या खटाटोपात मी एक गोष्ट शिकलो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडला ते लिहून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर दुखणे बरे झाले असते कदाचित, पण कशाने ते कळले नसते.

सध्या आजोबांच्या नाटकाचा दुसरा अंक लावतो आहे.