साखळीची कडी कुठे तुटते?

अमेरिकेत हार्टफर्ड शहरातल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात 1961 साली सतरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. ती स्वतःला इजा करून घ्यायची. औषधं झाली, विजेचे झटके झाले, एकटीला खोलीत कोंडून झालं. इजा काही थांबली नाही. सव्वादोन वर्षांनी ती बाहेर पडली. पुढे 2011 मध्ये त्याच संस्थेत उभं राहून डॉ. मार्शा लिनेहन यांनी सांगितलं, ती मुलगी मीच. तोवर अशा रुग्णांसाठी त्यांनी घडवलेली उपचारपद्धती, ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ म्हणजे डीबीटी, जगभर पोचली होती.

यातल्या अनेकांना ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकार असतो. त्यात भावना चटकन भडकते, फार वर चढते आणि उतरायला फार वेळ घेते. लिनेहन यांच्या मते याला उपजत हळवेपण जसं कारण असतं, तसं ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं’ असं सतत ऐकवणारं भोवतालही. इजा करून घेण्यामागे अनेकदा मरायचा हेतू नसतो, असह्य झालेली भावना खाली आणायची असते. घटकाभर सुटका मिळते आणि म्हणूनच सवय घट्ट होते. ‘नाटकं करते’ हा घरातला शेरा (कधी कधी डॉक्टरांचाही) चुकीचा तर आहेच, धोक्याचाही आहे. कारण या रुग्णांमध्ये आत्महत्येचं प्रमाण खरोखरच जास्त असतं.

लिनेहन यांनी सुरुवातीला नेहमीची वर्तनोपचाराची वाट धरली: हे बदला, ते बदला. रुग्णांना वाटलं, आपल्यालाच दोष देतायत. मग नुसतं समजून घेऊन पाहिलं. तर रुग्ण म्हणू लागले, माझा त्रास कमी कोण करणार? शेवटी दोन्ही एकत्र आणावं लागलं. स्वीकाराचा धडा त्यांनी झेन साधनेतून उचलला.

उपचार साधारण वर्षभर चालतो. आठवड्याला एकदा थेरपिस्टची भेट, एकदा गटात कौशल्यांचा वर्ग, अडचणीच्या क्षणी फोन. फोनला एक कडक नियम आहे. इजा करून घेण्याआधी जरूर करायचा; पण करून झाल्यावर चोवीस तास थेरपिस्टशी फोनवर बोलणं नाही. (जीव धोक्यात असेल तर अर्थातच नियम बाजूला.) वरवर निर्दय वाटणारा हा नियम मला यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. मदत इजेनंतरच मिळते, हा जुना धडा तो पुसतो.

भेटीत घटनेची साखळी उलगडतात. समजा, रात्री इजा झाली. त्याआधी काय? मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही. त्याआधी? दिवसभर पोटात काही नव्हतं, आदल्या रात्री झोप नव्हती. मेसेजनंतर मनात काय आलं? ‘मी कुणालाच नको.’ मग छातीत धडधड, मग खोलीचं दार बंद. यातली कोणती कडी तोडता आली असती, ते दोघं मिळून शोधतात. कधी ती कडी जेवणाची असते. कधी धडधडीची: श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरला की पाण्यात बुडी मारल्यावर होते तशी प्रतिक्रिया होऊन हृदयाचे ठोके मंदावतात. हृदयविकार असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

1991 मध्ये डीबीटीची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. इतर उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत डीबीटी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये इजेचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयातले दिवस घटले, उपचार अर्ध्यावर सोडणंही. निराशेत मात्र दोन गटांत फरक पडला नव्हता. 2006 च्या 101 स्त्रियांच्या अभ्यासात तर अनुभवी तज्ज्ञांच्या उपचारांच्या तुलनेत आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता निम्मी आढळली. लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी या संशोधकांनी वेगळ्या वाटेने, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला शिकवून, चांगले परिणाम मिळवले. ब्रिटनच्या 2009 च्या मार्गदर्शिकेनुसार बॉर्डरलाइन विकारावर खास म्हणून औषध देऊ नये. मुख्य उपचार बोलण्याचाच.

तुम्हाला किंवा घरात कुणाला असा त्रास असेल, तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य मिळते. जिवाला लगेच धोका असेल तर वाट न पाहता 112 लावा.