भुकेचा हुकूम कुठून येतो?

अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन लॅबोरेटरी ही उंदरांच्या आनुवंशिकतेवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. १९४९ मध्ये तिथे सतत खाणारे आणि इतरांच्या तिप्पट वजनापर्यंत फुगणारे उंदीर जन्माला आले. १९६०च्या दशकात तसेच लठ्ठ, पण जोडीला तीव्र मधुमेह असलेले उंदीर सापडले. दोष दोन्हींच्या जनुकांत होता, पण वेगवेगळ्या.

तिथले शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने कुशीला कूस लावून जोडले. त्यामुळे एकाचे रक्त दुसऱ्यात जाऊ लागले. मधुमेही लठ्ठ उंदराला निरोगी उंदीर जोडला, तर निरोगी उंदराने खाणेच सोडले आणि समोर अन्न असताना तो उपासमारीने मेला. लठ्ठ जोडीदार मात्र खातच राहिला. मग कोलमन यांनी पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला. या वेळी लठ्ठ उंदराची भूक कमी झाली. त्यांनी अचूक निष्कर्ष काढला : रक्तात ‘आता पुरे’ सांगणारे काहीतरी आहे. एका जातीच्या शरीरात ते तयारच होत नाही. दुसऱ्या जातीत ते भरपूर आहे, पण मेंदूला ते उमगत नाही. लठ्ठपणा म्हणजे निव्वळ हावरटपणा असे मानणाऱ्या त्या काळात हे फार थोड्यांना पटले.

ते ‘काहीतरी’ १९९४ मध्ये हाती लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले. त्यापासून बनणाऱ्या संप्रेरकाचे नाव लेप्टिन, आणि ते स्रवते चक्क चरबीच्या पेशींतून! नुसता साठा समजली जाणारी चरबी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला आपला हिशेब सतत कळवत असते.

माणसांतला पुरावा १९९७ मध्ये मिळाला. केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओ’राहिली यांच्याकडे आठ वर्षांची, ८६ किलो वजनाची मुलगी आली होती. जेवण संपताच ती पुन्हा खायला मागे. तिच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतेच. रोज इंजेक्शन सुरू झाल्यावर तिची भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागले.

मग सगळ्यांनाच लेप्टिन का देत नाहीत? कारण बहुतेक लठ्ठ माणसांत ते मुळातच भरपूर असते. मेंदू त्याला दाद देत नाही. आणि वजन घटवले, तर लेप्टिन झपाट्याने घसरते व मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो वजन घटवलेल्या लोकांना वर्षभराने पुन्हा तपासले. लेप्टिन अजून कमीच होते, जठरातून स्रवणारे भूकवर्धक घ्रेलिन वाढलेले होते आणि भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. डाएट सुटले की ‘मनाचा निग्रह नाही’ असा शेरा मारला जातो, तो म्हणूनच अन्यायाचा आहे.

अर्थात, ताटात काय आहे यालाही महत्त्व आहेच. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले : दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ, दोन आठवडे साधे, ताजे अन्न. वाढलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच. खायचे मात्र हवे तितके. पाकीटबंद जेवणावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भरभर खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. साध्या अन्नावर असताना आतड्यातून स्रवणारे, भूक शमवणारे पीवायवाय हे संप्रेरक वाढलेले आढळले. सध्या गाजत असलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आतड्यातल्याच दुसऱ्या एका संप्रेरकाची, जीएलपी-१ची नक्कल करतात.

पालकांना एक विनंती. पाच वर्षांच्या आतच मुलाचे वजन बेसुमार वाढत असेल आणि भरपेट जेवूनही ते अन्नासाठी आकांत करत असेल, तर त्याला खादाड म्हणून रागावू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जनुकीय तपासणीबद्दल आवर्जून विचारा. असे दोष दुर्मीळ आहेत, पण त्यांतल्या काहींवर आज औषध आहे.