यांना कधी कळणार?

देवासमध्ये टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या घरात रात्रीचे साडेआठ वाजत आलेत. वर तुळजाभवानीच्या आणि चामुंडेच्या देवळांचे दिवे लागलेत, खाली गल्लीत गराडू तळणाऱ्याच्या कढईभोवती माणसं उभी आहेत, आणि पुढच्या खोलीत आजींनी मटारच्या शेंगांचा ढीग जवळ ओढून घेतलाय. आजींनी ऐंशी ओलांडलीय. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन माळव्यात आल्या त्याला साठ वर्षं होऊन गेली. सूनबाई कणीक मळून, परातीवर फडकं टाकून बाहेर येतात. नात फिजिक्सचं पुस्तक मांडीवर उघडून बसलीय, पण पान काही उलटत नाही. शेजारच्या काकी अस्सल माळवी, मराठीत एक वाक्य बोलत नाहीत, शाल सावरत दारातूनच विचारतात, "शुरू तो नहीं हुआ न?"

नाही, शीर्षकगीतच चाललंय. काकी भिंतीला टेकून बसतात.

पडद्यावर एक जोडपं आहे. लग्न कागदावरचं, ठरावीक मुदतीचं. घरातल्या कुणालाच ते ठाऊक नाही. नवऱ्याला यायला उशीर झालाय. ती ताट वाढून झाकून ठेवते, चार पावलं जाते, परत येते, झाकण उचलते आणि गार झालेली पोळी काढून दुसरी ठेवते. तेवढ्यात दारात त्याची सावली. कॅमेरा तिच्या हाताकडून त्याच्या चेहऱ्याकडे जातो, पुन्हा हाताकडे. बासरी वाजू लागते. आजींचा अंगठा शेंगेत तसाच थांबलाय. निम्मे दाणे तळहातावर, निम्मे सालीत.

"बघतोय गं तो," आजी पडद्याला सांगतात. "वळू नकोस आता."

"इसको अभी तक समझा नहीं क्या?" काकी विचारतात.

"दोघांनाही नाही, काकी," नात म्हणते. "सिर्फ हमको पता है."

मालिकांतल्या प्रेमाबद्दल आजवर मी वाचलेल्या सगळ्या चर्चांपेक्षा या मुलीचं हे वाक्य मला मोलाचं वाटतं. पुढे काय होणार हे या खोलीत कुणीच विचारत नाहीये. पुढे काय होणार ते चौघींनाही माहीत आहे. त्या दोघांना ते कधी कळणार, एवढाच प्रश्न आहे. लेखक आपल्या हातात सगळं आधीच देऊन ठेवतो: तिच्या मनातलं तिला कळायच्या आत, त्याच्या मनातलं त्याने कबूल करायच्या आत. आणि मग आपल्याला बोलता येत नाही. घरात नव्या सुनेकडे पाहून सगळं ओळखणारी, पण तोंडातून अवाक्षर न काढणारी एखादी आत्या किंवा मोठी जाऊ असते ना, तिची जागा मालिका रोज अर्धा तास प्रत्येक बाईला देते.

मराठी मालिकेनं हे फार नेमकं हेरलंय. मेक्सिको, ब्राझील, कोलंबियाच्या टेलिनोव्हेलांत बहुतेक वेळा गरीब मुलगी, श्रीमंत घर, शंभर अडथळे आणि शेवटी लग्न. लग्न लागलं की गोष्ट संपली. मेक्सिकोची ‘श्रीमंतही रडतात’ या अर्थाच्या नावाची मालिका १९७९ची. सोव्हिएत संघ मोडत होता त्या दिवसांत ती रशियात लागली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. आपल्याकडे १९८४मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, तिची मूळ प्रेरणाही मेक्सिकोचीच. पण मराठीत लग्न आधी येतं आणि प्रेम नंतर. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये (२०१२) राधा आणि घनःश्यामचं लग्न सोयीचं. ‘जुळून येती रेशीमगाठी’मधल्या (२०१३) मेघनाच्या मनात आधी दुसराच कुणीतरी. डिसेंबर २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’मध्ये सायली आणि अर्जुन पुन्हा करारावर बोहल्यावर चढतात. ती ती वर्षं, ती ती माणसं, पण वाट एकच. ती पुन्हा पुन्हा चालून जाते, कारण समोर बसलेल्या कित्येक बायकांचं आयुष्य याच क्रमानं गेलेलं असतं.

जाहिराती लागतात. आजींचा अंगठा पुन्हा चालू होतो.

"आमच्यात कुठं होतं असं बघणं-बिघणं," त्या म्हणतात. कुणी विचारलेलं नसतं. "शेजारच्या खोलीत सासूबाई, माजघरात दोन जावा. ह्यांचं बोलणं म्हणजे 'पाणी दे' एवढंच. पण वाचनालयातून ‘स्त्री’ मासिक आणायचे आणि पिठाच्या डब्यावर ठेवून जायचे. हातात नाही दिलं कधी. मला वाचायला आवडतं हे ह्यांना कुणी सांगितलं, देव जाणे."

"तुम्ही नाही विचारलंत?" सूनबाई.

"विचारायचं काय त्यात? डबा उघडायला गेलं की कळायचं."

काकींना शब्द सगळे कळले नसतील, पण त्या पदर तोंडाला लावून हसतात. नात आजीकडे अशी बघते, जशी मघा पडद्याकडे बघत होती.

या मालिका ताणतात, स्मृती घालवतात, मेलेली माणसं परत आणतात, हे सगळं खरं आहे. तरी ‘बायकांचा टाइमपास’ म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी ही दहा मिनिटांची विश्रांती एकदा बसून ऐकावी असं मला मनापासून वाटतं. पोळी बदलणारा तो हात नसता, तर पिठाचा डबा आज या खोलीत आला नसता. आणि या घरापुढे दुसराही एक विचार आहे. मुलं हिंदी शाळेत, बाजार हिंदीत, नातवंडांची भांडणंसुद्धा हिंदीत. मराठीतून रुसणं, मराठीतून समजूत काढणं या मुलीच्या कानावर पडतं ते आजीकडून, आणि त्यानंतर या मालिकांतून. डिशचा मराठी पॅक म्हणूनच वेगळे पैसे भरून घेतलेला आहे.

"प्रेम बघायचं तर आपल्या गावात कमी आहे का," सूनबाई म्हणतात आणि कुमार गंधर्वांचं नाव काढतात. याच टेकडीखाली त्यांचं घर. १९४८मध्ये क्षयानं खंगलेले कुमारजी देवासला आले, गाणं बंद. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी इथं शाळेत नोकरी धरली आणि ते सगळं आजारपण काढलं. कुमारजी पुन्हा गाऊ लागले. भानुमतीबाई १९६१मध्ये गेल्या. "औषधं, पथ्य, शाळा, पुन्हा औषधं. ह्याची मालिका काढली तर मी एक भाग चुकवणार नाही," सूनबाई म्हणतात आणि आवाज वाढवतात, कारण जाहिराती संपल्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धारला आहे, आजींच्या लेकीकडे. इथं टीव्ही नाही. मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलाय आणि कालचाच भाग तुकड्यातुकड्यांनी चाललाय. लेक पोळी लाटते, तव्यावर टाकते, बोटानं पडदा पुसते. पोळी बदलायचा प्रसंग येतो तेव्हा तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी पडते. ती गॅस बंद करते आणि देवासला फोन लावते.

"आई, ताट झाकलं ते बघितलंस?"

पलीकडून आजींचा आवाज स्पष्ट येतो. त्यानं बघितलं, पण बोलला नाही. बोलला असता तर बिघडलं असतं. मग थोडा वेळ कुणीच काही म्हणत नाही, आणि आजी विचारतात, "तुझ्याकडचे जेवायला येतात का गं वेळेवर हल्ली?"

"येतात," लेक म्हणते. जरा थांबून, "परवा स्वतःहून चहा केला."

"केला ना? मग."

मायलेकींत या विषयावर याहून जास्त बोलणं कधी झालं असेल असं मला वाटत नाही. आडवळणानं का होईना, ते बोलणं होतं. त्या दोघांचं नाव घेऊन या दोघींना आपलं बोलता येतं.

संध्याकाळच्या आधी लेकीच्या भिशीच्या बायका दोन गाड्यांतून मांडूला निघतात, मलाही बरोबर घेतात. धार जिल्ह्याची स्वतःची प्रेमकथा तिथं दगडात उभी आहे. रूपमती मंडपाच्या गच्चीवर वारा झोंबतोय, खाली दरी, आणि लांब निमाडात नर्मदेची रेघ आहे की धुकं, यावर बायकांचं एकमत होत नाही. गाइड सरावलेल्या आवाजात सांगतो: बाजबहादूर माळव्याचा सुलतान, संगीताचा वेडा, रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय पाणी पीत नसे, १५६१मध्ये अकबराचा सरदार आधमखान चालून आला, सारंगपूरला बाजबहादूर हरला आणि पळाला, आणि रूपमतीनं विष घेतलं. शेवट त्यानं जरा घाईनंच उरकलाय.

"शादी के बाद यहाँ रहती थी, कि पहले?" एक जण विचारते.

"घरवालों को पसंद थी?" दुसरी. "उसकी सास?"

गाइड गडबडतो. सासूची गोष्ट त्याच्याकडे नाही. तो पुन्हा नर्मदेकडे बोट दाखवतो.

"अहो, ते कळलं," लेक मराठीतच म्हणते आणि कठड्याला टेकून मैत्रिणींकडे वळते. "पण ही रोज इथं येऊन उभी राहते, हे खाली महालात त्याला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल? एखादी दासीच असणार. तिला सगळं माहीत असणार."

"आणि ती बोलली नसणार," तिसरी म्हणते.

"बरेच दिवस नाही."

गाइड घड्याळ बघतो. रेवा कुंड अजून दाखवायचं राहिलंय. बायका पायऱ्या उतरू लागतात, आणि उतरता उतरता त्या दासीला माहेर कुठलं द्यायचं यावर त्यांचा वाद सुरू होतो.