कुड, भिंत आणि कुटी

पुसद तालुक्यातील शेतकऱ्याचे जुने घर ज्या सामग्रीचे बनत असे, तिच्यात चिरस्थायी असे थोडेच होते. तुराट्या, पऱ्हाट्या, बांबू, माती व शेण ही काही पावसाळे डागडुजीवाचून राहिली, की मातीस मिळतात. इंग्रजी अमदानीतील अशा घडणीचा जतन केलेला नमुना पाहावयाचा, तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जावे लागते.

महात्मा गांधी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावी आले. त्या गावास सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. साहित्य व कारागीर जवळपासचेच असावेत आणि झोपडीस १०० रुपयांहून अधिक खर्च येऊ नये, ही त्यांची अट सर्वश्रुत आहे. पुढे 'बापूकुटी' म्हणून प्रसिद्ध झालेली वास्तू आरंभी मीराबेन यांच्याकरिता उभारलेली होती. लाकडी खांब, बांबूच्या विणीवर मातीचे लिंपण, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. मातीत उठवलेली ताडवृक्षांची चित्रे तेवढी मीराबेन यांची. घडणीची रीत त्या मुलखातील शेतकऱ्याची.

'कुटी' या शब्दाने मात्र ही रीत झाकली जाते. त्याने तपस्व्याचे स्मरण होते, कुणब्याचे नाही. या घडणीचे खरे नाव 'कुड' होय. संस्कृत 'कुड्य' म्हणजे कोणतीही भिंत. मराठीत अर्थसंकोच होऊन काटक्या विणून, लिंपून केलेल्या आडोशासच 'कुड' म्हणू लागले. उलट 'भिंत' हा शब्द 'भित्ति'पासून आला. त्याच्या मुळाशी 'भिद्', म्हणजे चिरणे, हा धातू असून चिरलेल्या बोरूंची चटई असाही 'भित्ति'चा एक अर्थ कोशांत नोंदलेला आहे. म्हणजे काड्यांशी नाते सांगणारा शब्द वाड्याच्या भरीव बांधकामाकडे गेला आणि सर्वसामान्य भिंतीचा शब्द गरिबाच्या काड्यांवर येऊन थांबला! ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी या अदलाबदलीचा उलगडा होत नाही. त्यासाठी घरात शिरावे लागते.

लिंपणास शेतातील काळी माती उपयोगी नाही. ती पावसात फुगते, उन्हात तडकते. त्यासाठी गावठाणातील पांढरी माती हवी. जुन्या मराठी कागदपत्रांत 'काळी' म्हणजे शेती आणि 'पांढरी' म्हणजे वस्ती, हा भेद अभ्यासकांच्या परिचयाचा आहेच.

कुडाचे जतन म्हणजे त्याचे वारंवार लिंपणे. ते थांबले की वस्तू जाते, आणि तिच्यामागून शब्दही. विटा-सिमेंटच्या घरात वाढलेला विद्यार्थी दोन्हींची नोंद 'मातीची भिंत' अशी करतो. वस्तुतः मातीची भिंत थरावर थर चढवून घालतात. कुड आधी विणतात, मग लिंपतात.