जर्मानियाचं वजन

1964 सालचा एप्रिल. महायुद्ध जर्मनीने जिंकलेलं आहे, हिटलरच्या पंचाहत्तरीची तयारी चालू आहे आणि बर्लिनमध्ये पर्यटकांच्या बस एका अजस्र घुमटापाशी थांबताहेत. रॉबर्ट हॅरिस यांच्या ‘फादरलँड’ (1992) या कादंबरीतलं हे शहर. युद्धाचा निकाल हॅरिसनी बदलला. राजधानीचे नकाशे मात्र आधीच काढून ठेवलेले होते.

जानेवारी 1937 मध्ये हिटलरने 31 वर्षांच्या आल्बर्ट श्पेअरकडे बर्लिन नव्याने रचण्याचं काम सोपवलं. ‘जर्मानिया’ ही नवी राजधानी 1950 पर्यंत उभी करायची होती. घुमटाच्या सभागृहाची उंची 290 मीटर, आत 1,80,000 माणसं उभी राहतील एवढी जागा. इतक्यांच्या श्वासाची वाफ घुमटाखाली साचून आतच थेंब पडतील, अशीही शंका निघाली होती. त्या आराखड्यात माणसाला जागा होती ती फक्त गर्दी म्हणून. मला सर्वांत भीतीदायक वाटतं ते हेच.

दक्षिणेला 117 मीटर उंचीची विजयकमान येणार होती. पॅरिसची कमान जेमतेम 50 मीटरची. बर्लिनची जमीन हा भार पेलेल का, हे पाहायला 1941 साली टेम्पेलहोफ भागात 12,650 टन काँक्रीटचा गोल ठोकळा ओतला गेला. तीनेक वर्षांत तो सुमारे 19 सेंटिमीटर खचला. आजूबाजूला वस्ती असल्याने युद्धानंतर तो सुरुंग लावून उडवता आला नाही. आज तो संरक्षित वास्तू आहे.

पण जर्मानियाचा भार जमिनीआधी माणसांवर पडला. साक्सनहाउझेन छळछावणीतले कैदी तिच्यासाठी विटा भाजत होते. पाडकामात बेघर होणाऱ्यांना घरं हवी होती, म्हणून श्पेअरच्या कार्यालयाने ज्यूंच्या घरांच्या याद्या केल्या आणि कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर काढली. ऑक्टोबर 1941 पासून बर्लिनच्या ज्यूंना घेऊन गाड्या पूर्वेकडे निघू लागल्या.

न्यूरेंबर्गला श्पेअरला 20 वर्षांची शिक्षा झाली ती वेठबिगारीसाठी; या घरांचा हिशेब तिथे मागितला गेला नाही. पुढे त्याच्या एका सहकाऱ्याने कार्यालयाच्या दैनंदिनीतून ते उल्लेख गाळून टाकले. छाटलेला मजकूर 1982 साली पुस्तकरूपाने वाचकांसमोर आला. श्पेअर त्याच्या आदल्या वर्षी वारला होता.